बारा जुलैनंतरचं पुणे

पुराच्या दिवशी मी तुम्हाला नेत नाही. पूर पाहायला सगळेच तयार असतात. तुम्ही उतरा दुसऱ्या दिवशी, 13 जुलै 1961, गुरुवारी, नुकतं फटफटत असताना, शनिवार पेठेत ओंकारेश्वराच्या अंगाला.

चपला हातात घ्या, गाळात रुतून बसतील. कुठे घोट्याएवढा, कुठे मांडीएवढा, काळपट आणि चिकट. काल संध्याकाळपासून पाणी उतरत गेलं. रात्र अमावास्येची होती आणि शहरात वीज नव्हती, त्यामुळे काय उरलंय ते लोकांना आत्ता, तुमच्याबरोबरच, पहिल्यांदा दिसतंय. ओंकारेश्वर उभा आहे. पेशवाईतल्या दगडाला काही झालेलं नाही. त्याच्या भोवतीचे वाडे मात्र बसलेत. खालचा मजला दगडविटांचा आणि वर सागवानी खणांमध्ये पांढऱ्या मातीच्या भिंती, ही जुन्या पुण्याची बांधणी. ही माती उन्हाळ्यात घर गार ठेवते, पिढ्यान्‌पिढ्या टिकते, पण तासन्‌तास पाण्यात उभी राहिली की नुसती विरघळते. म्हणून तुम्हाला विचित्र दृश्यं दिसतील. भिंत नाही, पण तुळया आहेत. जिना आहे, पण तो जिथे जायचा ती खोली नाही. दुसऱ्या मजल्याच्या उघड्या पडलेल्या फडताळात डबे ओळीने जसेच्या तसे आहेत आणि तिथवर पोचायला मजलाच उरलेला नाही. थोड्या थोड्या वेळाने लांब कुठेतरी धप्प आवाज येतो. भिजलेल्या भिंती आज दिवसभर, उद्या, परवाही पडत राहणार आहेत. भिंतीच्या कडेने चालू नका.

झालं काय ते थोडक्यात सांगतो. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण पुरतं बांधून झालेलं नव्हतं, तरी त्यात याच पावसाळ्यात पाणी भरलं. पाणी सोडायच्या मोरीच्या काँक्रीटमध्ये लोखंडी सळया घातलेल्या नव्हत्या. त्या मोरीवरची माती खचायला लागली. 11 तारखेच्या रात्रभर लष्कराचे जवान त्या खचणाऱ्या बांधावर पोती रचत होते आणि खाली पुणं झोपलेलं होतं. 12 तारखेला, बुधवारी, सकाळी सातच्या सुमाराला धरण फुटलं. तो लोंढा खडकवासल्याच्या तलावात शिरला आणि काही तासांत इंग्रजी अमलातलं ते जुनं दगडी धरणही गेलं. शहरातले मुठेवरचे पूल पाण्याखाली गेले, वर राहिला तो खाली मुळा-मुठेवरचा बंडगार्डनचा. गेलेल्या माणसांचा आकडा साधारण हजार सांगितला जातो. जवान रात्रभर झगडत होते, म्हणजे धोका माहीत होता. आणि तरीही शहराला वेळेवर, नीट, विश्वास बसेल असं कुणी सांगितलं नाही. या गोष्टीचा राग मला आजही येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

आता चला. इथे तुम्हाला बोलता येतं, कामाला हात लावता येतो. फक्त पुढचं काही सांगता येत नाही.

पहिल्याच बोळात एक आजी दगडावर बसून समोरच्या ढिगाकडे बघतायत. "अहो, जरा त्या तुळईखाली बघता का? बंब असेल तिथे." बंब निघतो, चेपलेला. त्या पदराने त्याचं तोंड पुसतात आणि बाजूला ठेवतात. मग पाटा सापडतो, वरवंटा सापडत नाही. तळघरातल्या कोठीतले गहू फुगलेत आणि आंबायला लागलेत. त्याचा वास, मेलेल्या गुरांचा वास आणि कुठूनतरी वाहून आलेल्या घासलेटचा वास, हे तिन्ही वास पुढचे कित्येक दिवस तुमच्या नाकातून जाणार नाहीत. शेजारच्या छापखान्यात दोघे कंपोझिटर वाकून गाळ चाळतायत. टाइपाच्या केसेस उलटल्यात, शिशाचे खिळे चिखलात पसरलेत. ते एकेक खिळा वेचून बादलीत टाकतात. कोणतं अक्षर कुठल्या खणात हे पुढे बघू, आधी गोळा तर करू, असं त्यांचं चाललंय. नारायण-शनिवारच्या पट्ट्यात छापखाने, बांधणीवाले, पुस्तकांचे साठे पुष्कळ. भिजलेल्या फर्म्यांचे गठ्ठे बाहेर काढून टाकले जातायत. ते इतके जड झालेत की एकाला चार माणसं लागतात.

दिवसात कधीतरी एकदम आरडाओरडा होईल. "पाणी आलं! पाणी आलं, पळा!" हातातलं टाकून माणसं धावत सुटतील, पर्वतीच्या दिशेने, मिळेल त्या उंच जागेकडे. मुलं काखेत, म्हातारी माणसं पाठंगुळीला. तुम्हाला माहीत आहे की ही अफवा आहे. मुठेवर आता फुटायला धरणच शिल्लक नाही. पण ते सांगण्याचा अधिकार तुम्हाला नाही, आणि सांगितलं तरी कोण ऐकणार? काल ज्यांनी खरी बातमी अफवा म्हणून उडवून लावली, तीच माणसं आज अफवेवर धावतायत. तुम्हीही धावा. त्या गर्दीत एका बाईच्या कडेवर एक मूल आणि हाताला दुसरं आहे. हाताचं तुम्ही उचला.

गाळाखालोखाल सगळ्यात मोठी अडचण पाण्याची. काल एवढं पाणी येऊन गेलं आणि आज प्यायला घोटभर नाही. शहराच्या नळांना पाणी यायचं ते खडकवासल्याचं, कालव्याने. धरण गेलं, नळ कोरडे पडले. अशा वेळी शहराला आपले जुने दिवस आठवतात. पूर जिथवर पोचला नाही तिथल्या वाड्यांतल्या विहिरी उघडल्या जातायत. नळ आल्यापासून त्यांवर फळ्या टाकलेल्या होत्या. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजच्या तलावातून शहरात आणलेलं पाणी आणि त्याचे हौद यांच्याकडे लोक पुन्हा वळलेत. सदाशिव पेठेत हौदावरच्या रांगेत उभे राहा. कळशीवाले, बादलीवाले, कुणाच्या हातात नुसता तांब्या. सोवळंओवळं दोन दिवसांपूर्वीपर्यंत कडक पाळणाऱ्या घरातली माणसं या रांगेत कोण पुढे आणि कोण मागे हे विचारत नाहीयेत. हे कायमचं बदललं असं मी म्हणणार नाही. पण त्या आठवड्यात ते नव्हतं, आणि ज्यांनी तो आठवडा पाहिला त्यांना ते विसरता आलं नाही.

शाळांमधून छावण्या झाल्यात. बाक भिंतीला लावून एकेका वर्गात पाच-पाच, सहा-सहा बिऱ्हाडं. बाहेरगावांहून ट्रक येतायत, भाकऱ्या आणि पोळ्यांच्या चळती फडक्यांत बांधून. कॉलेजची मुलं फावडी-घमेली घेऊन टोळ्या करून निघतात, रात्री चिखलाने माखलेली परत येतात. लष्कर रस्ते मोकळे करतंय. चौकाचौकांत ब्लीचिंग पावडरचे पांढरे पट्टे मारलेत आणि पटकीची लस टोचून घ्यायला रांगा लागल्यात. तुम्हीही दंड पुढे करा. सुई जाडी आहे, रात्री ताप येईल.

आता मी तुम्हाला एका जागी जास्त वेळ थांबवणार आहे, कारण शहर सावरलं की नाही याचा निकाल माझ्या मते तिथे लागत होता.

छावणीच्या व्हरांड्यात एक टेबल, त्यावर कागदांचा गठ्ठा, मागे एक थकलेला कारकून. पंचनामे चाललेत. नाव, पेठ, घर क्रमांक, माणसं किती, गेलं काय. वाड्याच्या मालकाचं काम त्यातल्या त्यात सोपं आहे. वाडा पडला तरी जमीन जागेवर आहे आणि तिची नोंद सरकारदप्तरी आहे. पण जुन्या पुण्यात वाड्यात राहणारे बहुतेक भाडेकरू. दोन खोल्या, सामाईक नळ, सामाईक संडास, महिना थोडके रुपये भाडं, आणि कित्येकांच्या तिथे दोन-तीन पिढ्या गेलेल्या. खोली पडली की त्यांचं नेमकं काय गेलं? जमीन त्यांची नव्हती, भिंत त्यांची नव्हती. तिथे राहायचा हक्क होता, तो भिंतीबरोबर गेला. भाड्याची पावती मागावी तर ती ट्रंकेत होती आणि ट्रंक नदीत. रेशनकार्ड फळीवरच्या डब्यात होतं. नदीकाठच्या पुलाच्या वाडीत, ओढ्याकाठच्या झोपड्यांत राहणाऱ्यांकडे तर कागद मुळात कधी नव्हताच.

"तुम्ही तिथे राहत होता याला पुरावा?" कारकून विचारतो. त्याच्या आवाजात खोट नाही, त्याला रकाना भरायचाय.

समोरचा माणूस मागे वळून बघतो. रांगेत चार माणसांमागे त्याच्याच वाड्यातल्या काकू उभ्या आहेत. त्या पुढे होतात. "लिहा तुम्ही. जिन्याखालच्या दोन खोल्या यांच्या. यांची आई माझ्या सासूबाईंच्या आधीपासून तिथे राहत होती. मुलं तीन, धाकटीचं नाव मी ठेवलंय." कारकून वर बघतो आणि लिहितो. साक्षीदार म्हणून काकूंची सही होते. मग काकूंचा नंबर येतो आणि तो माणूस त्यांच्यासाठी उभा राहतो.

हे तुम्ही नीट बघून घ्या. पैसा पुढे आला, सरकारी कर्ज आलं, देशभरातून मदत आली आणि त्या सगळ्याचं मोल मोठं आहे. पण ती मदत ज्या दारातून माणसापर्यंत पोचली ते दार शेजाऱ्याने उघडलं. कुणाच्या घरात किती माणसं, कुणाचा मुलगा परगावी नोकरीला, कुणाची म्हातारी वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली, हे शहराच्या कुठल्याही दप्तरात नव्हतं. ते होतं सामाईक नळावरच्या भांडणांत आणि दुपारच्या वाती वळण्यात. वाड्यातल्या बायकांच्या तोंडी शहराची खरी खानेसुमारी होती.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालंय. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी पुण्याच्या पुनर्वसनाचं काम स. गो. बर्वे यांच्याकडे सोपवलं. बर्वे आय. सी. एस. अधिकारी, पूर्वी याच शहराचे महापालिका आयुक्त राहिलेले, त्यामुळे पेठ आणि पेठेतला माणूस दोन्ही ओळखून होते. पुढच्या काही महिन्यांत कामाला जो वेग आला त्याबद्दल जुनी माणसं अजून आदराने बोलतात. 1962 च्या निवडणुकीत शिवाजीनगर मतदारसंघाने त्यांना विधानसभेवर निवडून दिलं. त्या मतदारसंघात पुराचा तडाखा खाल्लेली माणसं थोडी नव्हती.

आता दिवस पुढे सरकवू. सप्टेंबर, भाद्रपद. शाळांना आपले वर्ग परत हवेत आणि छावण्या रिकाम्या व्हायच्यात. ज्यांची घरं नुसती भिजली ते गाळ काढून, चुना मारून परत गेलेत. त्यांच्या भिंतींवर ओलीची रेघ स्पष्ट दिसते, दोनदा चुना देऊनही वर येते. ज्यांची घरं गेली ते नातेवाइकांकडे, बराकींत, कुठे कुठे. तरीही गणपती बसलेत. पत्र्याच्या पेटीवर कोरा पंचा अंथरून बसवलेली वीतभर मूर्ती तुम्हाला दिसेल, पुढे दोन केळी आणि खडीसाखर. विसर्जनाला तुम्ही त्या कुटुंबाबरोबर घाटावर जा. पुरानंतर त्या घरातली आजी पहिल्यांदाच नदीकडे आलीये. ती पाण्यापर्यंत येत नाही, वरच्या पायरीवर थांबते. नातू मूर्ती घेऊन गुडघाभर पाण्यात उतरतो तेव्हा ती वरून मोठ्याने ओरडते, "पुढे जाऊ नकोस रे! तिथेच!" नदी त्या दिवशी शांत आणि उथळ आहे. आजीला ते पटत नाही, आणि तिला कुणी पटवायलाही जात नाही.

यानंतर शहर डोंगरांकडे सरकायला लागतं. नदीकाठी, होतं तिथेच, तसंच सगळं पुन्हा उभं करायचं नाही असं ठरल्यावर जागा शोधल्या गेल्या त्या उंचावर आणि शहराबाहेर. गोखलेनगर, जनवाडी, दत्तवाडी, पर्वतीच्या पायथ्यापलीकडे सहकारनगर, महर्षिनगर. ही आज मध्यवस्तीतली नावं आहेत. 1962 साली तिथे उतरलात तर पायाखाली मुरूम लागेल आणि संध्याकाळी कोल्ह्यांची ओरड ऐकू येईल. काही ठिकाणी आधी पत्र्याच्या अर्धगोल निसेन हट उभ्या राहिल्या, युद्धकाळात सैन्यासाठी वापरायच्या तशा. उभा चिरलेला भला मोठा डबा उपडा घालावा तसं ते घर. त्यात भिंत आणि छप्पर वेगळं नाही, त्यामुळे कपाट भिंतीला टेकत नाही आणि देवांचा फोटो लावला तर तो पुढे लोंबतो. एप्रिलमध्ये दुपारी आत बसवत नाही. पाऊस लागला की पत्र्याचा आवाज इतका होतो की जेवताना बोलणं ऐकू येत नाही, आणि त्या आवाजाने मुलं दचकून उठतात. बारा जुलैनंतर पावसाच्या आवाजाला झोपणं सोपं नव्हतं.

जमीन सरकारची, लोकांनी सहकारी गृहरचना संस्था काढायच्या, जागा भाडेपट्ट्याने घ्यायची आणि कर्ज काढून घरं बांधायची, असा पुढचा मार्ग निघाला. महाराष्ट्राचा सहकारी संस्थांचा नवा कायदा 26 जानेवारी 1962 पासून अमलात आलेला. अशा पूरग्रस्तांच्या 103 संस्था झाल्या. मास्तर, पोस्टातला कारकून, शिंपी, पूजा सांगणारे गुरुजी, छापखान्यातला कंपोझिटर, ज्यांनी जन्मात स्वतःच्या जागेचा विचार केला नव्हता ती माणसं आता उपविधी वाचतायत आणि शेअर सर्टिफिकेटवर सह्या करतायत. पुण्यातल्या मध्यमवर्गाचं वाडा सोडून सोसायटीत राहणं पुढे कधीतरी झालंच असतं, पण कित्येक घरांच्या बाबतीत ते एका सकाळमुळे झालं.

इथे मला खटकतं ते सांगतो. प्लॉट मिळाले, खोल्या मिळाल्या, पण ज्या शेजाराच्या साक्षीवर त्या मिळाल्या तो शेजार सांभाळायचा रकाना कुठल्याच अर्जात नव्हता. त्या काकू गेल्या गोखलेनगरला, जिन्याखालच्या खोलीतला माणूस पर्वतीपलीकडे. मधे अख्खं शहर, आणि बसच्या फेऱ्या थोड्या. नव्या घरात प्रत्येकाला स्वतःचा नळ आहे, स्वतःचा संडास आहे. बायकांना याचा किती आनंद झाला ते त्यांच्या तोंडूनच ऐका. वाड्याच्या आठवणींनी हळवे होणारे बहुधा पुरुष असतात, पहाटे सामाईक संडासासमोर रांग लावायला लागलेल्या बायका नव्हेत. पण त्याच बायका दुपारी दीडच्या बसने दळण घेऊन जुन्या पेठेतल्या गिरणीत जातात. नव्या वस्तीत गिरणी निघाल्यावरही जातात. डॉक्टर जुनाच, वाणी जुनाच, मंगळागौर जुन्या बोळातल्या ओळखीच्या घरी. पहिली दोन-तीन वर्षं त्यांचं घर एकीकडे होतं आणि राहणं दुसरीकडे. मग हळूहळू नव्या जागेचे शेजारी झाले, वाचनालय निघालं, मैदानावर गणपती बसायला लागला, मुलं एकाच शाळेत जायला लागली. कुणी ते घडवून आणलं नाही. त्याला एक पिढी लागली.

पर्वतीपलीकडे न गेलेले, काहीच न मिळालेले लोकही होते. पुलाच्या वाडीतली अनेक कुटुंबं पुन्हा नदीकाठीच आली, कारण कामं तिथेच होती. आणि धरणासाठी ज्यांची गावं आधीच उठली होती, त्या पानशेतच्या खोऱ्यातल्या माणसांचं काय? त्यांनी जमिनी दिल्या, धरण झालं आणि फुटलं. पुण्याच्या पुराच्या आठवणींत त्यांचा उल्लेख फार क्वचित येतो. तो यायला हवा.

चौकशी बसली. न्यायमूर्ती बावडेकर यांच्याकडे ती सोपवलेली होती, त्यांच्या मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईक यांनी ती पुढे नेली. पानशेतचं धरण पुन्हा बांधलं गेलं, 1972 च्या सुमाराला ते पुरं झालं आणि त्याला तानाजीसागर नाव मिळालं. आज पुणेकर पाणी पितात त्यात त्याचाही वाटा आहे. पेठांमधल्या काही भिंतींवर 12-7-1961 अशी तारीख घातलेल्या पूररेषेच्या खुणा आहेत, तुमच्या डोक्याच्या बऱ्याच वर.

शेवटचा टप्पा आजचा. 25 जुलै 2024 रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं, पुलाची वाडीही बुडाली. इशारा वेळेवर मिळाला नाही, ही तक्रार लोकांनी त्याही वेळी केली. धरण या वेळी फुटलेलं नव्हतं, खडकवासल्यातून पाणी सोडलेलं होतं. बाधितांत मालक होते, भाडेकरूही होते.

आणि त्या 103 संस्थांपैकी एखाद्या संस्थेच्या कार्यालयात संध्याकाळी डोकावा. सेक्रेटरींच्या टेबलावर फायली आहेत. मूळ पूरग्रस्त सभासद कोण, वारस कोण, विकत घेऊन आलेला कोण आणि भाडेपट्ट्याची जमीन मालकीची करून घ्यायची तर कुणी किती भरायचे, यावर दशकानुदशकं पत्रव्यवहार चाललेला आहे. समोर बसलेला तरुण पणजोबांच्या नावाचा कागद मागायला आलाय. फायलीतलं पान जीर्ण झालंय, पण वाचता येतं. त्याला त्याच्या दोन झेरॉक्स प्रती हव्या आहेत, एक संस्थेला आणि एक जिल्हाधिकारी कार्यालयाला.